डाव्या बाजूचा पाटा

दुर्गदबैल चौकाच्या मागच्या गल्लीत गाड्यांचे पाटे बांधणारे एक अज्जा आहेत. माझं हुबळीतलं अन्न त्यांच्यामुळे टिकलं. हे आधी लिहून ठेवतो, कारण गोष्ट सांगायला लागलो की मी भलतीकडेच जातो आणि ज्याचा मान पहिला तो माणूस शेवटी राहून जातो. अज्जा म्हणजे कन्नडमध्ये आजोबा. त्यांचं पाळण्यातलं नाव मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. अख्खी गल्ली अज्जा म्हणते, मीही म्हणतो.

मी जळगावाकडचा. शाळा सातवीत सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली. मास्तरांनी तीनदा निरोप पाठवला, चौथ्यांदा त्यांनीही सोडलं. कापसाच्या ट्रकवर क्लीनर म्हणून निघालो, ड्रायव्हरच्या शेजारी बसून बसून गाडी चालवायला शिकलो, आणि हुबळीत आलो तेव्हा ट्रकच्या मालकानं ट्रक विकून टाकला. मी इथंच राहिलो. राज्यांची फेरवाटणी होऊन तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली असतील. धारवाड-हुबळी मुंबईकडून म्हैसूरकडे गेलेली, पण पेठेतली माणसं होती तिथंच होती.

दाजीबानपेठेतल्या एका कापडवाल्यांकडे मला ड्रायव्हर म्हणून ठेवून घेतलं. त्यांचे पणजोबा कोल्हापूरकडून आलेले. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, आणि राग आला की दोन्ही. मालकांना सगळी पेठ अण्णा म्हणे आणि त्यांच्या आईला अक्का. माझं खानदेशी बोलणं ऐकून अक्कांना फार मौज वाटे. आमच्याकडे ‘ळ’ तोंडातल्या तोंडात विरघळतो. त्या मला सकाळी गाडी पुसताना गाठून म्हणायच्या, “म्हण बघू, काळा फळा.” मी म्हणायचो. “अजून ओला आहे,” म्हणायच्या आणि आत जायच्या.

गाडी माझ्याहून चार-पाच वर्षांनी वडील. विलायती बनावटीची, काळी, गोल पाठीची. तिचे सुटे भाग बाजारात मिळायचे बंद होऊन जमाना झाला होता. अण्णांनी किल्ली देताना एकच गोष्ट सांगितली होती: “ही गाडी माणसांची. गठ्ठ्यांची नव्हे.” माझ्या आधीच्या ड्रायव्हरनं तिच्यातून जोंधळ्याची पोती नेली होती, म्हणून त्याला घालवलं, हे मला दुकानातल्या नोकरांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. मी तसा भित्रा माणूस. गावाकडं परत जायचं म्हणजे कुठल्या तोंडानं जायचं, हा प्रश्न रात्रंदिवस माझ्या उशाशी असायचा. म्हणून मी कधी पोत्याकडं बघायचोसुद्धा नाही.

आणि तरी मी गठ्ठे भरले.

दसऱ्याच्या आधीची अष्टमी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. स्टेशनच्या मालधक्क्यावर लुगड्यांचे गठ्ठे येऊन पडलेले आणि शहरातली एकूण एक हातगाडी कुणी ना कुणी धरलेली. अण्णा गिऱ्हाइकांत बुडालेले. त्यांची तगमग मला बघवेना. उपयोगी पडायची मला फार घाई असते. घाबरणाऱ्या माणसाला ती असतेच. कुणाला न विचारता गाडी घेऊन धक्क्यावर गेलो आणि चार गठ्ठे घातले. दोन डिकीत, दोन मागच्या सीटवर. विचार केला, दुकानात नेऊन टाकले की अण्णा खूषच होतील.

दुर्गदबैलाच्या तोंडाशी समोरून सरकीची बैलगाडी आली. मी नेहमीसारखी गाडी डावीकडे घेतली. डावी चाकं डांबरावरून खाली गटाराच्या कडेला उतरली आणि मागून खाड्‌कन आवाज आला. वाळलेली फांदी मोडावी तसा, पण जाड. गाडी मागे डाव्या अंगाला बसली, जशी म्हैस एक पाय दुमडून बसते.

खाली वाकून पाहिलं. ज्यांना गाडीच्या पोटाखाली बघायचा प्रसंग आला नाही त्यांच्यासाठी सांगतो: जुन्या गाड्यांना मागे दोन्ही अंगांना पोलादी पट्ट्यांची एकेक कमान असते. लांब पट्टी वर, तिच्याखाली जरा आखूड, तिच्याखाली आणखी आखूड, अशा सहा-सात. या पट्ट्यांना पाटे म्हणतात. सगळ्यांत लांब तो मेन पाटा. त्याची टोकं वळवून त्याला डोळे केलेले असतात आणि त्या डोळ्यांतून बोल्ट घालून तो गाडीला टांगलेला असतो. सगळा भार आणि सगळे दणके याच्यावर. तोच, मधल्या बोल्टापाशी, मोडला होता.

गठ्ठे उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवले. तासाभरानं एक हातगाडी रिकामी झाली, तिच्यावर घालून पाठवून दिले. हमालाला सांगितलं, धक्क्यावरून आणले म्हणून सांग. मग दुकानात जाऊन अण्णांना म्हटलं, पाटा तुटला.

त्यांनी मापाच्या गजावरून मान वर केली. “गाडीत काय होतं?”

“काही नव्हतं.”

दोनच शब्द. पण ते बोलताना आपली जीभ दुसऱ्याचीच असल्यासारखं वाटलं.

“दसऱ्याला दुपारी अक्कांना धारवाडला थोरल्या मावशींकडं न्यायचंय,” अण्णा म्हणाले. “वर्षातून एकदाच जातात त्या. तोवर गाडी उभी राहिली पाहिजे. पाटेवाल्या अज्जांकडं ने.”

सायकलच्या वेगानं, कण्हत, गाडी अज्जांच्या दारात नेली. पत्र्याची पडवी, एक भट्टी, एक ऐरण. अज्जा सडसडीत, पांढऱ्या मिशा, कपाळाला विभूतीचे पट्टे, धोतर गुडघ्यावर खोचलेलं. त्यांचं मराठी पेठेतल्या गिऱ्हाइकांकडून उचललेलं, अर्धं कन्नडातच भिजलेलं. गाडीखाली बघायच्या आधी त्यांनी आकाशाकडं बघितलं.

“अर्धा तास हाय,” म्हणाले. “मग हत्यारं धुवायची. उद्या खंडेनवमी.”

मला खंडेनवमी माहीत होती. आमच्याकडंही विळा-कोयत्याला हळदकुंकू लावतात आणि दुपारी त्याच विळ्यानं गवत कापतात. इथली रीत मला ठाऊक नव्हती. लाकडी ठोकळ्यांवर गाडी चढवून आम्ही दोघांनी डाव्या बाजूची कमान उतरवली, मधला बोल्ट काढला, पाटे सुटे केले. अंगात उत्साह आला होता, आता लगेच पुढचं काम, असं म्हणून मी पाना उचलला, तर अज्जांनी तो माझ्या हातातून सहज काढून घेतला आणि पाण्याच्या बादलीत टाकला.

“आता परवा.”

“परवा म्हणजे?”

“नवमीला हत्यार पूजेत बसतं. उचलायचं नाही. दशमीला सकाळी उठवायचं.”

“अज्जा, गाडी अशी लोंबकळत? दशमीला दुपारी जायचंय.”

“मग दशमीला सकाळी ये.” थोडं थांबून म्हणाले, “माझा घणवाला गावाकडं गेलाय सणाला. घण मारशील?”

मी मान डोलावली. घण कधी उचलला नव्हता, हे सांगितलं नाही. खोटं बोलायची एकदा सुरुवात झाली की असंच होतं.

नवमीला मला राहवलं नाही. घरात माझ्याकडं कुणी बघितलं तरी गठ्ठ्यांचं कळलं असंच वाटायचं. नारळ घेऊन अज्जांकडं गेलो. हातोडे, सांडस, पाने, छिन्न्या, सगळं धुऊन पुसून रांगेनं मांडलेलं, प्रत्येकावर कुंकू आणि झेंडू. भात्याला हार. ऐरणीपुढं कोहळा. आणि अज्जा बाजूला भिंतीला टेकून बसलेले, हात मांडीवर उताणे ठेवून. त्या हातांत काही नाही असं मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

“कशाला आलास? आज काही होत नाही.”

“बसतो नुसता.”

“बस की.”

मोडक्या पाट्याचे दोन तुकडे त्यांच्या पायाशी होते. बराच वेळ झाल्यावर मी एक उचलला आणि मोडलेलं तोंड बघितलं. मला वाटलं होतं, मोडलेलं पोलाद सगळीकडं सारखंच दिसत असेल. पण हे तसं नव्हतं. बोल्टाच्या भोकापासून निघालेला मोठा भाग काळपट तांबूस होता, हात फिरवला तर गुळगुळीत, आणि त्यावर शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा एकाबाहेर एक बारीक रेघा. आणि पलीकडच्या कडेला बोटाच्या पेराएवढा पट्टा मात्र करडा, खरखरीत, फोडलेल्या खडीसाखरेसारखा चमकणारा.

“अज्जा, हे दोन रंग कसले?”

त्यांनी डोळे किलकिले करून माझ्याकडं बघितलं. पाट्याकडं नाही. “किती गठ्ठे होते, तम्मा?”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. इतक्या मायेनं विचारलेला प्रश्न, आणि मी हातातला तुकडा उलटसुलट करायला लागलो.

“कसले गठ्ठे?”

“मी पाट्याला विचारलो, त्यानं सांगितलं. तुला उगंच विचारालोय.” आणि डिकीच्या कडेकडं हनुवटी केली. तिथं बिजागरीत गोणपाटाच्या सुतळीचे दोन धागे अडकले होते.

“चार,” मी म्हटलं. मग सगळंच सांगितलं. आधीच्या ड्रायव्हरचंही, अण्णांनी विचारलं तेव्हा काय उत्तर दिलं तेही. बोलता बोलता लक्षात आलं, आपण या माणसाला काल दुपारपर्यंत ओळखतही नव्हतो.

अज्जांनी तुकडा माझ्या हातून घेतला आणि नख लावून दाखवलं. “हे तांबूस दिसतंय? हे काल मोडलं नाही. इथं भोकाच्या काठाला केसाएवढी चीर पडली. पाऊस आत गेला, गंज धरला. गाडी हलली, चीर जरा सरकली. परत पाऊस. ही रेघ, ही रेघ, ही. तीन-चार पावसाळे हा पाटा मोडालाय. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. आणि हे करडं,” त्यांनी चमकत्या पट्ट्यावर अंगठा ठेवला, “हे काल. एवढं तुझं.”

मी अंगठ्याकडं बघत राहिलो. पट्टा अंगठ्याखाली झाकून गेला होता.

“म्हणजे मी मोडला नाही?”

“एवढं तुझं म्हटलो की. बाकीचं तुझं नव्हे. एवढं तुझंच.”

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, पण अर्धंच. आणि त्या अर्ध्यातून दुसरीच उत्सुकता निघाली. लोखंड बोलतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सातवीपर्यंतच्या कुठल्याही पुस्तकात हे नव्हतं. मी विचारत सुटलो. चीर भोकापाशीच का? तर तिथं पोलाद कमी आणि ताण जास्त. वरचाच पाटा का? तर तोच गाडीला टांगलेला. आणि मग मी विचारलं, डावाच का?

अज्जा उठले आणि मला मागच्या अंगणात घेऊन गेले. तिथं मोडक्या पाट्यांचे दोन ढीग होते. एक माझ्या कमरेएवढा, एक गुडघ्याएवढा.

“मोठा कुठला?” त्यांनी विचारलं.

“डाव्यांचा असणार.”

“हौदु, बरोबर. का?”

“माहीत नाही.”

“समोरून ट्रक आला, रस्ता एवढाच. काय करतोस?”

“बाजूला घेतो.”

“कुठल्या?”

“डाव्या.”

“डांबर संपतं तिथं काय असतं?”

“खड्डा.”

“मग.” ते पाट्यांच्या ढिगाकडं घरच्या माणसाकडं बघावं तसं बघत होते. “वाट देणाऱ्याचा डावा पाटा आधी जातो. न देणाऱ्याचं पुढचं सगळंच जातं, तो माझ्याकडं येत नाही.”

धारवाड-हुबळी रस्त्यावर मी रोज कितीदा डांबरावरून उतरायचो ते मला आठवलं. कापसाच्या गाड्या, ट्रक, बसेस. मी सगळ्यांना वाट द्यायचो, भीतीनं. आणि माझ्या आधीचा तोही देत असणार, त्याच्या त्याच्या कारणानं. तो कोण होता, दिसायला कसा होता, मला काही ठाऊक नाही. पण त्या तांबूस भागात त्याची दोन-तीन वर्षं होती.

पडवीत परत आल्यावर अज्जांनी खिशातून खडूचा तुकडा काढला आणि फरशीवर वाकून मोडक्या पाट्याचे दोन्ही तुकडे जुळवून ठेवले. त्यांच्या कडेनं एक लांब कमान काढली. मग तिच्यावर, मधोमध दोन बोटं उंच, दुसरी.

“खडू हत्यार नाही का?” मी विचारलं.

“शाळेत असंल. इथं नाही.”

“दोन रेघा कशाला?”

“खालची म्हातारपणाची. पाटा दबून दबून एवढा बसलाय. वरची तो नवा होता तेव्हाची.”

“नवा होता तेव्हा तुम्ही बघितलेला?”

“नाही.”

“मग कसं कळलं?”

अज्जांनी खालच्या आखूड पाट्यांपैकी सगळ्यांत छोटा माझ्या हातात दिला. “हा कमी वाकतो. त्याला जन्माची कमान आठवती. त्याच्यावरून थोरल्याची काढायची.”

शाळेत फळ्यावर मास्तर परीघ काढायचे, व्यास काढायचे, आणि मी खिडकीतून बाहेर बघत असायचो. त्या दिवशी मी ती फरशी इतका वेळ बघितली की अज्जांच्या घरातून आलेला प्रसाद हातात गार झाला.

दशमीला उजाडताच गेलो. अज्जांनी हत्यारांना नमस्कार केला, सगळ्यांत छोटा हातोडा उचलून रिकाम्या ऐरणीवर तीनदा मारला. “उठली,” म्हणाले, आणि कामाला लागले.

एका जुन्या जीपचा पाटा रुंदीला बरोबर बसत होता. भट्टीत तो पिकल्या पपईच्या रंगाचा झाला की बाहेर यायचा. अज्जा सांडशीनं धरायचे, छोट्या हातोड्यानं जागा दाखवायचे आणि मी तिथं घण मारायचा. पहिला घण ऐरणीवर बसला, दुसरा अज्जांच्या पायापासून वीतभर दूर.

“तम्मा, याआधी कधी घण मारलास?”

“नाही.”

“हे काल सांगितलं असतंस तर तुला कालच रिकाम्या हातांनी वाऱ्यावर मारायला लावलं असतं. वारा काही हत्यार नव्हे.” पाय जरा मागं घेऊन त्यांनी परत जागा दाखवली.

डोळे वळवून झाले. कमान खडूच्या वरच्या रेघेवर ठेवून ठेवून जुळली. मग लालभडक पाटा जळक्या ऑइलच्या हौदात आडवा बुडवला, धुराचा लोट उठला, आणि मला वाटलं झालं. तर तो परत भट्टीच्या कडेला. हलक्या आचेवर शेकत अज्जा आच ओळखायला त्यावर चिंचेची वाळकी काडी घासत राहिले. काडी आधी नुसती अडखळत होती. मग तिच्या टोकाशी बारीक ठिणग्या दिसायला लागल्या, तसे त्यांनी पाटा बाहेर काढून वाऱ्यावर ठेवला.

“एवढा कडक केला, मग परत नरम कशाला?”

“नुसता कडक केला तर पहिल्या खड्ड्यात काचेगत फुटंल. नुसता नरम ठेवला तर वाकून तसाच बसंल. वाकायचं आणि परत यायचं, एवढंच त्याचं काम.”

उजव्या बाजूची कमानही उतरवली. मी म्हटलं, ती तर चांगली आहे. अज्जा म्हणाले, एका पायात नवा जोडा आणि एका पायात झिजलेला घालून चाल की धारवाडपर्यंत. तिचे पाटे ठोकून ठोकून त्याच रेघेवर आणले.

बारा वाजून गेले होते. दोन्ही कमानी लावल्या, पाट्यांच्या मधे ग्रीस, यू-बोल्ट बसले. मला आता हातात बळ आल्यासारखं झालं होतं. ठोकळ्यांवरच्या गाडीखाली सरपटत गेलो आणि टोकांचे बोल्ट असे आवळले की पाना हलेना. बाहेर येऊन अंग झाडत म्हटलं, “झालं, अज्जा.”

अज्जांनी हाताचा धक्का देऊन बोल्ट पाहिले आणि कपाळाला हात लावला. “सगळे सैल कर.”

“का?”

“जेवायला बसायच्या आधी, उभा असताना, कमरेचा पट्टा गच्च आवळतोस काय? बसल्यावर काय होतं पोटाचं?”

मग समजावलं. डोळ्यांच्या आत रबराची बुशं असतात. गाडी हवेत असताना पाटे सैल लोंबतात. त्या स्थितीत बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकली की बुश पिळवटतं, आणि महिन्याभरात फाटतं. आधी गाडी चाकांवर उतरवायची. तिला तिच्या वजनानं बसू द्यायचं. मागच्या बाजूला दोनचारदा दाबून हलवायचं. मग आवळायचं. मी सगळे बोल्ट सैल केले, गाडी खाली घेतली, आम्ही दोघं तिच्या पाठीवर दाबून दाबून तिला झोके दिले. परत खाली घुसून आवळले तेव्हा बोल्ट निराळेच लागले. न कुरकुरता बसले.

अज्जांनी टायरपासून वरच्या पत्र्यापर्यंत वीत लावली. डावीकडं एक वीत दोन बोटं. उजवीकडं एक वीत दोन बोटं.

निघताना त्यांनी मोडक्या पाट्याचे दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. “अण्णांना दाखव. गंजलेलं दाखव, चकचकीतही दाखव.”

“गंजलेलंच दाखवलं तर?”

“तर मी येऊन उरलेलं दाखवीन.”

“मग तुम्हीच चला की.”

“का? तुला तोंड हाय की.”

दाजीबानपेठेत गाडी दुकानासमोर सरळ उभी केली. अण्णा बाहेर आले, मागून बघितलं, खूष झाले. “अगदी नवी दिसाय लागली.” तेवढ्यावर मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पुडकं माझ्या सीटखाली होतं. मी ते काढलं आणि पायरीवर उघडलं.

“अण्णा, परवा गाडीत चार गठ्ठे होते. मी विचारल्यावाचून भरले. तुम्हाला खोटं सांगितलं.” आणि करडा पट्टा दाखवला. “एवढं माझ्यानं मोडलं.” मग तांबूस भाग दाखवला आणि अज्जांनी सांगितलं ते, पावसाळे, चीर, वाट देणं, सगळं. माझं बोलणं धड नव्हतं. ‘ळ’ तर त्यात कुठंच नव्हता.

अण्णांनी तुकडा हातात घेतला. आधी पट्ट्यावरून बोट फिरवलं, मग तांबूस भागावरून, आणि ते तिथंच थांबलं.

“हे किती दिवसांचं म्हणाले?”

“तीन-चार पावसाळे.”

ते हिशेब करत असावेत. मी तिथं येऊन आठ महिने झाले होते. “म्हणजे त्या आधीच्या ड्रायव्हरच्या वेळी गाडी डावीकडं बसायला लागली होती, ती...” त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पोत्यांमुळंच गाडी बसली असं त्यांनी तेव्हा धरलं होतं, हे मला पुढं कळलं. पोती त्यानं नेली होती, हे खरंच. पण बाकीचं त्याचं नव्हतं.

मी खिशातली किल्ली मुठीत धरली होती. मागितली तर लगेच देता यावी म्हणून. ठरवून टाकलं होतं की मागायच्या आधीच हात पुढं करायचा, पण हात काही पुढं होईना.

“गठ्ठे न विचारता भरलेस ते मी सोडीन,” अण्णा शेवटी म्हणाले. “परत खोटं बोललास तर गंज चढेपर्यंत थांबणार नाही.”

तेवढ्यात अक्का नवं इरकली लुगडं नेसून पायरीवर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या दाराआडून नेहमीच सगळं ऐकत. अक्कांचं वजन भरपूर, आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. “चार गठ्ठे एकच दिवस होते,” त्या म्हणाल्या. “मी डावीकडं किती वर्षं बसतेय? त्या गंजात माझं किती ते नाही सांगितलं अज्जांनी?”

अण्णा म्हणाले, “आई, उशीर होतोय.”

“म्हणूनच म्हणते, किल्ली काय मुठीत धरून बसलाय, चालव म्हणावं.”

गाडी सुरू केली. धारवाडच्या वाटेवर समोरून ट्रक आला, मी डावीकडं उतरलो. गाडी एकदा खाली गेली आणि तितकीच वर आली. मागून अक्का म्हणाल्या, “हं.” परतताना त्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. थोरल्या मावशींनी दारातून हाक मारून विचारलं, आज जागा का बदलली? अक्का म्हणाल्या, “पाट्याला विसावा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बन्नीची पानं घेऊन अज्जांकडं गेलो. आपल्याकडं आपट्याची पानं सोनं म्हणून देतात. इथं बन्नीची, म्हणजे शमीची. पानं देताना इथले लोक म्हणतात, “बन्नी तगोंडु बंगारधंग इरूण,” बन्नी घेऊन सोन्यासारखे राहू या. माझं कन्नड तेव्हा एवढंच होतं, तेही अक्कांनी वाटेत घोकून घेतलेलं. अज्जांनी पानं कपाळाला लावली आणि विचारलं, “दोन्ही दाखवलास?”

“दोन्ही.”

“आत,” म्हणाले. कन्नडमध्ये आत म्हणजे झालं. आणि भात्याकडं वळले.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून दाजीबानपेठेतच आहे. ती काळी गाडी जाऊन दुसरी आली. अक्का अजून मला ‘काळा फळा’ म्हणायला लावतात आणि आता म्हणतात, वाळत आला. अज्जांची नजर कमी झाली आहे, पण मोडलेलं तोंड ते बोटानं वाचतात. मी अधूनमधून जाऊन बसतो, प्रश्न विचारतो, ते म्हणतात याचे प्रश्न काही झिजत नाहीत.

एकदा असंच बोलताना कळलं की अज्जा आयुष्यात कधी मोटारीत बसलेले नाहीत. इतक्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. ते स्वतः कुठंही जायचं तर पायी, फार तर बसनं. मी म्हटलं, चला की, अण्णा नाही म्हणणार नाहीत. त्यांनी मान हलवली. “बेड, नको. दुसऱ्याच्या गाडीत मालकाच्या जागेवर मी बसत नाही. मी गाडी खालून बघितलीय, पुरे. तू स्वतःची घेशील तेव्हा बघू.”

मी बघतोय. एक जुनी गाडी माझ्या नजरेत आहे, तिचा डावा पाटा आत्ताच दबलेला दिसतो. ती घेईन, तो पाटा अज्जांच्या ऐरणीवर मीच घण मारून वरच्या रेघेवर आणीन, बोल्ट गाडी खाली टेकवल्यावरच आवळीन. आणि एका दसऱ्याला अज्जांना डाव्या बाजूला बसवून धारवाडला नेईन. समोरून जो येईल त्याला वाट देईन, म्हणजे आपण बांधलेला पाटा खाली कसा जातो आणि वर कसा येतो, ते त्यांना एकदा वरून बसून कळेल.